समुद्रतळाच्या वारसदारांना ‘नाही’ म्हणता येतं का?

खोल समुद्रातल्या खाणकामावरची चर्चा बहुतेक वेळा दोन प्रश्नांत अडकते. बॅटऱ्यांना लागणारं निकेल आणि कोबाल्ट आणायचं कुठून, हा एक. आणि चार-पाच किलोमीटर खोलीवरची जीवसृष्टी एकदा खरवडली की परत येईल का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न मोलाचे आहेत. पण या खनिजांची एक गोष्ट जमिनीवरच्या कुठल्याही खाणीला लागू नाही, आणि तिच्याबद्दल फारच कमी बोललं जातं. ही खनिजं कायद्याने सगळ्या मानवजातीच्या मालकीची आहेत. हे भाषणातलं वाक्य नाही, ते करारातलं कलम आहे. मालक सगळे असतील, तर खाण सुरू करायची की नाही हे ठरवायचं कुणी?

संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याचा करार १९८२ साली झाला. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा समुद्र, आणि काही ठिकाणी त्यापलीकडचा भूखंडमंचही (जमिनीचाच पाण्याखाली गेलेला विस्तार), त्या त्या देशाच्या अखत्यारीत येतो. त्याच्याही बाहेर जो समुद्रतळ उरतो, तो जगातल्या एकूण समुद्रतळाच्या निम्म्याहून अधिक आहे. कलम १३६ म्हणतं की हा तळ आणि त्यातली खनिजं मानवजातीचा समाईक वारसा आहेत. कलम १३७ नुसार कुठलाही देश त्यावर सार्वभौमत्व सांगू शकत नाही, आणि कुणी सांगितलंच तर इतरांनी ते मान्य करायचं नाही. कलम १४० नुसार तिथलं सगळं काम अखिल मानवजातीच्या हितासाठी चालायला हवं आणि मिळणाऱ्या लाभाची न्याय्य वाटणी व्हायला हवी. या सगळ्याची व्यवस्था पाहायला जमैकातल्या किंग्स्टन शहरात आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण आहे. त्याचे १७० सदस्य आहेत: १६९ देश आणि युरोपीय संघ.

कल्पनेचं श्रेय जातं माल्टाचे राजदूत आर्विद पार्दो यांच्याकडे. १ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांनी संयुक्त राष्ट्रांत मांडणी केली की तंत्रज्ञान तळापर्यंत पोहोचायच्या आत मालकीचा प्रश्न सोडवला नाही, तर बलाढ्य देश समुद्रतळ आपापसांत वाटून घेतील. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांना वसाहतींसाठी लागलेली धावाधाव कशी असते ते कुणी शिकवायची गरज नव्हती. १९७० साली महासभेने या तत्त्वाचा जाहीरनामा मंजूर केला. बाजूने १०८ मतं पडली, विरोधात एकही नाही, १४ देश तटस्थ राहिले. त्या काळी समुद्रतळावरच्या संपत्तीचे आकडे जरा जास्तच फुगलेले होते. त्यात १९७४ साली अमेरिकेच्या सीआयएने बुडालेली सोव्हिएत पाणबुडी उचलायला ‘ग्लोमर एक्स्प्लोरर’ नावाचं प्रचंड जहाज पाठवलं आणि जगाला सांगितलं की ते मँगनीज काढायला चाललंय. या थापेने खाणकामाच्या स्वप्नाला बरंच इंधन पुरवलं, असं माझं मत.

संपत्ती म्हणजे मुख्यतः काळपट खडे. मुठीत मावतील एवढे, चिखलावर मोकळे पडलेले. हवाई आणि मेक्सिकोच्या दरम्यान क्लॅरियन-क्लिपरटन नावाचा सुमारे ४५ लाख चौरस किलोमीटरचा पट्टा आहे. तिथे ४,००० ते ६,००० मीटर खोलीवर असे अब्जावधी टन खडे असल्याचा अंदाज आहे. खड्यात मँगनीज पाव हिश्शाहून जास्त. निकेल आणि तांबं जेमतेम एकेक टक्क्याच्या वर, कोबाल्ट ०.२ टक्क्याच्या आसपास. माशाचा दात किंवा शिंपल्याचा तुकडा अशा एखाद्या कणाभोवती पाण्यातले धातू थरावर थर साचत जातात, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर या गतीने. म्हणजे हातात धरलेला खडा बनायला माणूस नावाचा प्राणी अस्तित्वात यायच्या कितीतरी आधी सुरुवात झालेली असते.

१९८२ च्या मूळ करारात गरीब देशांनी बरंच पदरात पाडून घेतलं होतं. खाणकंपन्यांनी तंत्रज्ञान द्यायचं बंधन होतं. जमिनीवर तीच खनिजं काढणाऱ्या देशांचं कंबरडं मोडू नये म्हणून उत्पादनाला मर्यादा होती. आणि ‘एंटरप्राइझ’ नावाची, सगळ्यांच्या वतीने स्वतः खाण चालवणारी, प्राधिकरणाची स्वतःची संस्था होती. रेगन यांच्या अमेरिकेला हे पचलं नाही. मतदानात १३० देश बाजूने गेले आणि अमेरिकेसह चौघे विरोधात. बड्या औद्योगिक देशांशिवाय करार कागदावरच राहणार, हे दिसायला लागल्यावर १९९४ साली एक पूरक करार झाला. तंत्रज्ञान देण्याची सक्ती गेली, उत्पादनमर्यादा गेली, एंटरप्राइझला स्वतंत्रपणे उभं राहण्याऐवजी कुणाशी तरी भागीदारी करूनच सुरुवात करायची अट आली. इतकं करूनही अमेरिकेच्या सिनेटने आजपर्यंत करार मंजूर केलेला नाही. सवलत घेणारा बाहेर राहिला आणि ती सवलत मात्र करारात कायमची बसली.

१९९४ च्या मजकुरात एक तरतूद आहे जिच्याकडे लक्ष जायला हवं तितकं जात नाही. खाणीच्या अर्जाची छाननी प्राधिकरणाचा कायदेशीर आणि तांत्रिक आयोग करतो, बहुतांशी बंद दाराआड. त्याने अर्ज मंजूर करा अशी शिफारस केली की प्रश्न ३६ देशांच्या परिषदेपुढे येतो. इथे मंजुरीसाठी मतदान घ्यावंच लागत नाही. परिषदेने ठरलेल्या मुदतीत, एरवी ६० दिवसांत, काही ठरवलं नाही तर अर्ज मंजूर झाला असं समजायचं. नाकारायचा असेल तर दोन-तृतीयांश बहुमत हवं, शिवाय परिषदेतल्या प्रत्येक हितगटात वेगळं बहुमत हवं. आता यातला एक गट समुद्रतळात सर्वाधिक गुंतवणूक करणाऱ्या देशांचा आहे, आणि त्यात सदस्य आहेत चार. चारांतले दोघे अडून बसले की त्या गटात बहुमत होत नाही. म्हणजे ३६ पैकी ३४ देश ‘नको’ म्हणाले तरी नकार बारगळतो. कुठल्याही समाईक मालमत्तेत एका हिस्सेदाराने विकायला काढलं आणि बाकीच्या सगळ्यांनी हरकत घेतली, तर व्यवहार थांबतो. इथे मात्र हरकत घेणाऱ्यांनाच अग्निदिव्य करावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की खरा वाद इथे आहे. वाटणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे रॉयल्टी येते: किती टक्के, कुणाला किती. पण वारसदाराचा पहिला हक्क पैशाचा नसतो, निर्णयाचा असतो. मालमत्ता मोडायची की राखायची हे ठरवण्यात ज्याला आवाज नाही, त्याच्या हातावर नंतर टेकवलेल्या रकमेला वाटा म्हणणं ही फसवणूक आहे.

आणि ती रक्कम तरी किती? समजा सगळं सुरळीत झालं आणि प्राधिकरणाकडे वर्षाला १० कोटी डॉलर जमा झाले. करारानुसार त्यातून आधी प्राधिकरणाचा स्वतःचा खर्च भागणार. तो क्षणभर विसरा. उरलेले सगळे १७० सदस्यांत सारखे वाटले तर प्रत्येकाला सहा लाख डॉलरसुद्धा येत नाहीत. गरीब देशांना झुकतं माप दिलं, लोकसंख्या धरली, तरी एखाद्या मध्यम देशाच्या अर्थसंकल्पात ही रक्कम शोधायला भिंग लागेल. उलट कोबाल्टचे किंवा तांब्याचे भाव पडले तर काँगो किंवा झांबियाच्या तिजोरीला बसणारा फटका याच्या कितीतरी पट असू शकतो. त्यांच्यासाठी साहाय्यनिधीची तरतूद आहे, पण तो निधीही याच खाणीच्या उत्पन्नातून यायचा आहे, खर्च भागून काही उरलं तर. बरं, वाटणीचं सूत्र कोणतं, रॉयल्टी किती, पर्यावरणाची किंमत कशी धरायची, यातलं काहीच अजून ठरलेलं नाही. तरीही खाणीची नियमावली लवकर पूर्ण करा असा धोशा चालूच आहे. सूत्र ठरल्याशिवाय नियमावलीला हात लावू नये. परवाने आधी आणि हिशेब मागाहून हा क्रम एकदा मान्य केला की हिशेब कधीच होत नाही.

गरीब देशांच्या हितासाठी केलेली एक तरतूद उलटी कशी फिरली, हे पाहायचं तर नाउरूकडे पाहावं. करारात राखीव क्षेत्राची सोय आहे: विकसित देशाने अर्ज करताना सारख्या मोलाची दोन क्षेत्रं दाखवायची, त्यांतलं एक प्राधिकरणाकडे राहतं, एंटरप्राइझसाठी किंवा विकसनशील देशांसाठी. हेतू चांगला होता. प्रत्यक्षात काय झालं, तर खाजगी कंपनीने विकसनशील देशात एक उपकंपनी नोंदवायची, त्या देशाचं पुरस्कर्तेपण मिळवायचं, म्हणजे अर्जामागे तो देश जबाबदार म्हणून उभा राहणार, आणि राखीव क्षेत्रात शिरायचं. कॅनडातली ‘द मेटल्स कंपनी’ नाउरू आणि टोंगा या दोन दारांनी आत आली.

नाउरू २१ चौरस किलोमीटरचं बेट आहे, वस्ती सुमारे १२ हजार. विसाव्या शतकात फॉस्फेटसाठी त्याचं बहुतेक पोट खरवडून काढलं गेलं. मधला सगळा भाग चुनखडीच्या सुळक्यांचा उजाड माळ झाला. याबद्दल नाउरूने १९८९ साली ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, आणि १९९३ साली ऑस्ट्रेलियाने भरपाई देऊन तडजोड केली. त्याच देशाने जून २०२१ मध्ये प्राधिकरणाला नोटीस दिली की दोन वर्षांत नियमावली पूर्ण करा, नाहीतर नियमावलीविना आमच्या कंपनीचा अर्ज विचारात घ्यावा लागेल. १९९४ च्या पूरक करारातच तशी तरतूद आहे. नाउरूला नावं ठेवणं सोपं आहे. मला ते जमत नाही. खरवडलेल्या बेटावर उरलेल्या १२ हजार लोकांना उत्पन्नाचं साधन हवं आहे, आणि ते द्यायला दुसरं कुणी रांगेत उभं नव्हतं.

पण पुरस्कर्तेपणाबरोबर जबाबदारीही येते. ती किती, हे विचारणारा प्रश्न २०१० साली मुळात नाउरूनेच मांडला होता. हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाच्या समुद्रतळ कक्षाने १ फेब्रुवारी २०११ रोजी सल्लागार मत दिलं. श्रीमंत असो वा गरीब, पुरस्कर्त्या देशाला काळजी घेण्याचं सारखंच बंधन आहे. नाहीतर कंपन्या सगळ्यात ढिला देश शोधत फिरतील. मात्र त्याच मतात एक फटही उघड झाली. देशाने आपली देखरेख नीट केली असेल आणि कंपनीच दिवाळखोर निघाली, तर उरलेल्या नुकसानीची भरपाई कुणाकडूनच मिळत नाही. ती नुकसानी मग मालकांनी सोसायची, म्हणजे सगळ्या जगाने. ही भीती हवेतली नाही. पापुआ न्यू गिनीच्या सरकारने स्वतःच्या समुद्रातल्या ‘सोलवारा १’ प्रकल्पात नॉटिलस कंपनीबरोबर पैसे घातले होते. खाण सुरू व्हायच्या आतच २०१९ मध्ये कंपनी बुडाली आणि सरकारचे पैसेही.

नुकसानीची मोजदाद करायची तरी कशी, हाही प्रश्न आहेच. १९८९ साली पेरूच्या समुद्रात जर्मन शास्त्रज्ञांनी प्रयोग म्हणून तळ नांगरला. २६ वर्षांनी जाऊन पाहिलं तर नांगराचे चर तसेच होते. १९७९ सालच्या एका चाचणी खाणकामाच्या खुणांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ४४ वर्षांनंतरही यंत्राची वाट स्पष्ट दिसत होती, मात्र काही जीव परतू लागल्याचंही आढळलं. तेही सांगायला हवं. क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात पाच हजारांवर प्रजाती असल्याचा अंदाज आहे आणि त्यातल्या सुमारे ९० टक्क्यांना विज्ञानाने अजून नाव दिलेलं नाही. अनेक जीव खड्यांनाच चिकटून जगतात, आणि खडा उचलला की ती जागा लाखो वर्षांसाठी गेली. अखिल मानवजात म्हणताना त्यात अजून न जन्मलेले धरायचे असतील, तर त्यांच्या हिश्श्यात काय उरतं हा वाटणीचाच प्रश्न झाला.

यावर नेहमीचं उत्तर असतं की मग जमिनीवरच्या खाणी चालतात का? काँगोत कोबाल्टसाठी लहान मुलं राबतात, इंडोनेशियात निकेलसाठी जंगलं पडतात. खरं आहे, आणि समुद्रतळ वाचवा म्हणणारे पुष्कळ लोक याकडे सोयीस्कर काणाडोळा करतात. पण समुद्रात खाण उघडली म्हणून काँगोतली बंद होईल, असं कोणताही नियम सांगत नाही. भाव पडले तर तिथली मजुरी आणखी घटेल, एवढंच. शिवाय मागणीची गणितंही हलत आहेत. निकेल आणि कोबाल्ट दोन्ही नसलेल्या लोह-फॉस्फेट बॅटऱ्या झपाट्याने पसरल्या आहेत, आणि बीएमडब्ल्यू, व्होल्वो, गूगल, सॅमसंग एसडीआय या कंपन्यांनी २०२१ मध्येच समुद्रतळाचे धातू तूर्त वापरणार नाही असं जाहीर केलं. अलीकडे हवामानबदलाऐवजी राष्ट्रीय सुरक्षेचं कारण जास्त ऐकू येतं, ते उगाच नाही.

तर ही द मेटल्स कंपनी. नियमावली होत नाही म्हणून ती कंटाळली. मार्च २०२५ मध्ये किंग्स्टनला परिषदेची बैठक चालू असतानाच तिने जाहीर केलं की आता अमेरिका समुद्रतळाच्या खाणींना स्वतःच परवाने देते त्या १९८० च्या कायद्याखाली परवाना मागू. २४ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी समुद्रातल्या खनिजांना चालना देणारा आदेश काढला आणि पाचच दिवसांत अर्ज दाखल झाला. सुमारे २५ हजार चौरस किलोमीटरच्या व्यापारी खाणकामासाठी, त्याच क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात. अमेरिकेचा युक्तिवाद असा की आम्ही करारात नाही, खुल्या समुद्रावर सगळ्यांना मोकळीक आहे. पार्दोंनी १९६७ मध्ये ज्याची भीती घातली होती, ते हेच.

इथे हतबल व्हायचं कारण नाही. अमेरिका करारात नसली तरी खडा एकट्या अमेरिकेत उचलला जाऊन वितळवला जात नाही. २०२२ च्या चाचणीत ज्या जहाजाने ४ किलोमीटरहून अधिक खोलीवरून ३,००० टनांवर खडे वर आणले, ते ‘हिडन जेम’ ऑलसीज या कंपनीचं आहे, आणि तिचं मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये आहे. खड्यांवरच्या प्रक्रियेची चाचणी जपानमध्ये झाली आहे. स्वित्झर्लंड आणि जपान दोघेही कराराचे सदस्य आहेत. कराराबाहेर मिळवलेला खनिजांवरचा हक्क मान्य करायचा नाही, हे कलम १३७ चं बंधन त्यांना चुकत नाही. स्वित्झर्लंड तर समुद्रतळातल्या खाणकामाला स्थगिती द्या म्हणणाऱ्यांतला देश आहे. स्थगितीवर सही करायची आणि आपल्याच भूमीवरून चालणाऱ्या कंपनीचं जहाज कुठे निघालंय ते विचारायचं नाही, हे चालू देता कामा नये. जुलै २०२५ मध्ये परिषदेने आपल्या परवानाधारकांच्या वागणुकीची चौकशी करायला आयोगाला सांगितलं, ते पाऊल योग्य दिशेचं आहे, पण खरा चाप बंदरांत आणि भट्ट्यांत बसेल.

विकसनशील देशांचा गटही आता एकजिनसी राहिलेला नाही. १९८७ साली मध्य हिंद महासागरात अग्रणी गुंतवणूकदार म्हणून, म्हणजे करार लागू होण्याआधीच शोधाला उतरलेला म्हणून, पहिली नोंदणी झाली ती भारताची. आज चीनकडे पाच शोधपरवाने आहेत, कुणाहीपेक्षा जास्त. जुलै २०२३ मध्ये सागरी पर्यावरणाच्या रक्षणाचं धोरण प्राधिकरणाच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर येऊ नये म्हणून अडवणूक केली ती चीननेच. स्वतः परवाना घेऊन बसलेल्या देशाने समाईक वारशाच्या बाजूने बोलू नये असं नाही. पण तो बोलतो तेव्हा कुठल्या खुर्चीतून बोलतो हे पाहायला हवं.

स्थगिती मागणाऱ्या श्रीमंत देशांनाही एक प्रश्न विचारायला हवा. ‘थांबा’ म्हणायला फ्रान्स किंवा जर्मनीचं काय जातं? दोघांकडेही शोधपरवाने आहेत, ते सोडायला दोघांपैकी कुणीच तयार नाही. आणि नाउरूने थांबायचं तर त्याने खायचं काय, याचं उत्तर त्यांच्याकडून आलेलं नाही. समाईक वारसा राखायचा असेल तर राखण्याचा खर्चही समाईक असायला हवा. प्राधिकरणाच्या वित्त समितीत मध्यंतरी एक कल्पना पुढे आली होती: देशोदेशी तुकडे वाटण्याऐवजी सगळ्यांच्या कामाचा एक निधी. खाण होवो न होवो, तो निधी आत्ताच उभा करता येईल. त्यातून खोल समुद्राचं संशोधन आणि पुरस्कर्तेपणाच्या फीवर डोळा ठेवून बसलेल्या बेटांना दुसरा मार्ग, दोन्ही साधेल.

परिषदेतला तो उलटा मतदाननियम बदलणं अवघड आहे, त्यासाठी करारच दुरुस्त करावा लागेल. मात्र सर्वसाधारण सभा हे प्राधिकरणाचं सर्वोच्च अंग आहे, तिथे एका देशाला एक मत, आणि सामान्य धोरण ठरवायचा अधिकार तिला आहे. आजघडीला विराम, स्थगिती किंवा बंदी मागणारे देश ४० च्या आसपास आहेत. सभेत महत्त्वाच्या निर्णयावर मतदान झालं तर दोन-तृतीयांश बहुमत लागतं, सगळे सदस्य हजर असतील तर ११४. उरलेल्यांत बहुसंख्य देशांकडे समुद्रतळावरचा एकही परवाना नाही, त्यांच्या नावावर कुठली कंपनी नाही, गमावण्यासारखं काही असलंच तर वारसाच आहे. दर वर्षी किंग्स्टनला सभा भरते तेव्हा यांतल्या कित्येकांच्या खुर्च्या रिकाम्या असतात, आणि आजवर अनेकदा गणपूर्तीचीच मारामार झालेली आहे.